आर्टला आलात? पहिले सहा आठवडे असे काढा

आर्टला ॲडमिशन झाली की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न मागे लागतो. खोलीची मालकीण विचारते, मेसवाल्या मावशी विचारतात, गावाकडचा मामा तर दर फोनला विचारतो, "मग, तू कशात करणार?" पेंटिंग, अप्लाइड, शिल्प, टेक्स्टाइल, ॲनिमेशन. यातल्या निम्म्या शब्दांचा नीट अर्थही माहीत नसतो, तरी काहीतरी सांगून सुटका करून घ्यावी लागते. मी निफाडकडून नाशिकला आले तेव्हा बेधडक "पेंटिंग" सांगून टाकलं होतं. कारण काय, तर चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड होती आणि स्थिरचित्र बरं जमायचं. आज माझं निम्मं घर लिनोच्या (कोरून शाईने छापायच्या मऊ शीटच्या) छापांवर आणि अक्षरांवर चालतं.

फाउंडेशनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात सगळंच असतं: ऑब्जेक्ट (वस्तुचित्र), नेचर, टू-डी (सपाट डिझाइन), थ्री-डी, रंग, लेटरिंग, प्रिंट. अडचण अशी की सुरुवातीला प्रत्येकाच्या वाट्याला एखादंच असाइनमेंट येतं आणि तेवढ्यावर आपण "मला माती जमत नाही" म्हणून मोकळे होतो. त्यावर माझा उपाय तीन बैठकांचा. कुठलंही माध्यम असो, दोन-दोन तासांच्या तीन बैठका झाल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवायचं नाही. पहिल्या बैठकीत साहित्याशी भांडण होतं, दुसऱ्या बैठकीत स्वतःच्या हाताशी. ते माध्यम काय करू देतं आणि काय नाही, हे तिसऱ्या वेळी कुठे दिसायला लागतं. मामाला तोवर "या आठवड्यात माती चालू आहे" एवढंच सांगा. खोटं नाही आणि पुढचा प्रश्नही येत नाही.

पिशवी भरा, पण अर्धीच

पहिल्या आठवड्यात दुकानात जाऊन सगळं घेऊन टाकायचा मोह होतो. आवरा. टूबी, फोरबी, सिक्सबी पेन्सिली, कटर (शार्पनरने लांब टोक निघत नाही), खोडरबर, हाफ इम्पिरियल मापाचे, म्हणजे १५ बाय २२ इंचांचे कार्ट्रिज कागद, बोर्ड आणि दोन मोठ्या क्लिपा. ब्रश तीनच: सहा आणि बारा नंबरचे गोल, एक चपटा. जलरंगाच्या सहा ट्यूबा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमझन, अल्ट्रामरिन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. चोवीस रंगांच्या डबीतले पंधरा रंग वर्षभर तसेच वाळतात.

ईझल, ऑइल कलर, मातीकामाच्या हत्यारांचा सेट आत्ता नको. लिनोची हत्यारं तिघांत मिळून एक संच घ्या. आणि एक वही, झोळीत मावेल एवढी, साध्या कागदाची. चांगल्या कागदाच्या वहीत हात घाबरतो.

बोर्ड घेऊन सिटीलिंकच्या बसमध्ये चढायचं असेल तर कॉलेज सुटायच्या वेळेची बस टाळा. कंडक्टर काही म्हणत नाहीत, पण लोकांच्या गुडघ्यांना बोर्डाचे कोपरे लागतात आणि मग लोक म्हणतात.

पहिला आठवडा: कळशी आणि बुधवारचा बाजार

वस्तुचित्रासाठी घरातली एखादी तांब्याची किंवा पितळेची कळशी, तांब्या, गडू घ्या. नसेल तर भांडी बाजारातून चक्कर मारा. तांबटांनी ठोकलेल्या भांड्यावरचे ठोके बघा. प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात खिडकीचा उजेड वेगळा पडतो. स्टीलच्या पेल्यात ही मजा नाही.

कळशी काढताना नव्वद टक्के मुलं एकाच ठिकाणी अडतात. तोंड आणि बूड, दोन्हीकडची लंबवर्तुळं सारखीच चपटी काढतात, किंवा बूड सरळ रेषेत कापून टाकतात. कळशी जमिनीवर आहे आणि तुम्ही स्टुलावर बसलेले आहात. नजरेच्या पातळीपासून वस्तू जितकी खाली जाते तितकं तिचं लंबवर्तुळ गोल होत जातं. म्हणजे तोंडापेक्षा बुडाची वळणरेषा जास्त फुगीर. पटत नसेल तर कळशी डोळ्यांसमोर धरा, तोंडाची नुसती रेघ दिसेल. मग सावकाश खाली न्या, तोंड उघडत जाईल. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही. दुसरं, दोन्ही टोकांना लंबवर्तुळ टोकदार होत नाही, ते केळं नव्हे.

कळशी तीन वेळा काढा, तीन दिवस, जागा न बदलता. पहिल्या दिवशी फक्त रेषा, दुसऱ्या दिवशी फक्त सावल्या, तिसऱ्या दिवशी दोन्ही.

बसून काढलेल्या वस्तूने हात सावध होतो, पण ताठही होतो. तो सैल करायला बुधवारी गोदाघाटावरचा आठवडे बाजार आहे. कोपऱ्यात उभं राहा, वही पोटाशी धरा आणि एका माणसाला दोन मिनिटं द्या. चेहऱ्यापासून सुरुवात केलीत तर चेहराच होईल आणि माणूस निघून जाईल. आधी खांद्याची रेघ, मग कुठल्या पायावर भार आहे ते, मग हातातली पिशवी. भाजीवाल्या मावश्यांना चित्रासाठी सोपं समजू नका, त्या सतत हलतात. तराजू उचलताना मात्र क्षणभर थांबतात, तेवढ्यात पकडायचं. कुणी "काय काढतेस गं?" म्हणून विचारलं तर वही दाखवा. मला एका मावशींनी "माझं नाक एवढं नाही" म्हणून सुनावलं होतं. बरोबरच होतं त्यांचं, मी ते दोनदा गिरवलं होतं.

रंग: पावसाळ्यात का होईना

आपलं वर्ष सुरू होतं ऐन पावसात. हवा दमट असते, जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, वाळता वाळत नाही, आणि घाईत त्यावर दुसरा थर दिला की चिखल होतो. घाटावर बसून रंगवायचं तर पहिल्या महिन्यात एका बैठकीत दोनच थर, एवढं बंधन घालून घ्या. पहिला थर देऊन वहीत दोन स्केचेस करा, तोवर कागदाची चमक जाते. चमक गेली म्हणजे पाणी बसलं. हात लावून बघू नका, बोटाचा तेलकट डाग शेवटपर्यंत दिसतो.

घाटावर जायच्या आधी गंगापूर धरणातून पाणी सोडलंय का ते विचारून निघा. नाशिककरांचा स्वतःचा मापदंड आहे: पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाशी आहे, कमरेला आहे की गळ्याशी. कमरेपर्यंत असेल तर त्या दिवशी वरून, लांबून काढा. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे पत्रे लागलेत तेही बघून ठेवा, नाहीतर निवडलेला स्पॉटच गायब.

काळ्या रंगाची ट्यूब मी मुद्दाम यादीत ठेवली नाही. काळाराम मंदिराचा दगड काळा आहे असं आपण म्हणतो म्हणून मुलं काळा रंग लावतात आणि चित्राला भोक पडतं. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळून बघा. निळा जास्त पडला तर पावसात भिजलेला दगड, तपकिरी जास्त पडला तर उन्हातला. या दोनच रंगांत अख्खं मंदिर होतं. पहिली बैठक फक्त हे करड्यांचे पट्टे काढण्यात घालवलीत तरी चालेल.

नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं कुठे प्रत्यक्ष लागलेली दिसली तर थांबून बघा. मोबाइलवर कागदाचा पोत आणि सोडलेली पांढरी जागा कळत नाही.

लिनो: इथे जरा जास्त थांबू

माझा जीव इथे अडकला म्हणून नव्हे (थोडं तेही आहे), पण खर्च कमी, जागा कमी आणि चूक लगेच दिसते, अशी सोय दुसऱ्या कुठल्या माध्यमात नाही.

लिनोचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या. गारठ्यात तो कडक होतो. मांडीखाली दहा मिनिटं ठेवा किंवा गरम पाण्याच्या बाटलीवर टेकवा, लोण्यासारखा कापला जातो. चित्र काढताना एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: छाप उलटा येतो. माझ्या पहिल्या छापावर मी मोठ्या कौतुकाने "नाशिक" कोरलं होतं. रोलर फिरवला, कागद उचलला, आणि सगळा वर्ग हसला. चित्र पातळ कागदावर काढा, कागद पालथा करून कार्बनने उतरवा. संशय आला तर आरशात बघा.

कोरताना हत्यार नेहमी अंगापासून लांब चालवायचं आणि दुसरा हात हत्याराच्या मागे ठेवायचा, कधीही पुढे नाही. वळण आलं की मनगट वळवू नका, लिनो फिरवा. व्ही आकाराच्या पात्याने रेघ, यू आकाराच्या पात्याने मोकळी जागा. खोल कोरायची गरज नाही, निम्म्या जाडीपर्यंत पुरे. इथली खरी गंमत, जी डोक्यात शिरायला वेळ लागतो, ती अशी: पेन्सिलीत तुम्ही काळं घालता, इथे तुम्ही पांढरं काढता. जे कोरलं ते कागदावर कोरंच राहणार.

छापायला प्रेस लागत नाही. काचेवर किंवा जुन्या टाइलवर शाई पसरा आणि रोलर फिरवत राहा. सुरुवातीला चपचप आवाज येतो. तो बदलून चरचर असा बारीक आवाज यायला लागला की शाई बरोबर झाली. मग लिनोवर दोन-तीन पातळ हात. वर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा, मधून कडेकडे. पूर्ण उचलण्याआधी एक कोपरा वर करून बघा. फिकट असेल तर कोपरा परत खाली टेकवता येतो. हात धुताना आधी खायचं तेल, मग साबण. थेट पाण्याने शाई पसरते फक्त.

पहिल्या बैठकीत कोरणं, दुसऱ्या बैठकीत छापणं, तिसऱ्या बैठकीत त्याच ब्लॉकमध्ये अजून कोरून पुन्हा छापणं. या तिसऱ्या वेळी कळतं की नको ते कोरलं गेलं तर परत येत नाही.

जाता जाता खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. उठाव लागतो ना? ती आपल्या लिनोच्या अगदी उलटी रीत. तिथे शाई कोरलेल्या खाचेत भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि प्रचंड दाबाखाली कागद खाचेतून शाई ओढून घेतो. नोटांचा छापखाना नाशिकरोडला आहे, आपल्याला आत जायला मिळत नाही. पण एचिंगचा (आम्लाने धातूच्या पत्र्यावर खाचा पाडून छापायचा) तास कधी आला तर ही नोट आठवा, निम्मं प्रकरण समजलेलं असेल.

माती, आणि प्लास्टरचा धडा

गणपतीच्या आधी शाडू सगळीकडे मिळते, पण ती वाळवून रंगवायची माती. भाजायचं असेल तर कुंभाराची माती हवी. जुन्या नाशकात कुंभारवाड्यात विचारा, बोलायला लोक मोकळे आहेत, फक्त गणपती-दिवाळीच्या गर्दीत त्यांचा वेळ खाऊ नका. त्याच भागात नदीकाठी मातीची गढी आहे. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा थरांखाली थर जुन्या वस्तीची खापरं निघाली. म्हणजे आपण जे पहिल्यांदा करतोय ते या काठावर फार आधीपासून चालू आहे.

माती आधी मळा, कणीक मळतो तशी, पण दुमडून हवा आत कोंडू नका. दाबा, फिरवा, दाबा. सुताने मधोमध कापून बघा, भोकं दिसली तर पुन्हा. पहिल्या बैठकीत काही "बनवू" नका, नुसता बटाटा करा. खरंच. बाजारातला बटाटा समोर ठेवून, फिरवत फिरवत. पेन्सिलीला एकच बाजू सांभाळायची सवय असते. मातीत मागची बाजू विसरली की वस्तू वळवल्यावर लाज जाते.

दुसऱ्या बैठकीत हात किंवा कान करा. मुठीपेक्षा मोठं काही भाजायचं असेल तर थोडं कडक झाल्यावर आतून पोकळ करा आणि जाडी सगळीकडे सारखी, बोटाएवढी ठेवा. तडा बहुधा जिथे जाड आणि पातळ भाग जोडलेले असतात तिथेच जातो, कारण पातळ भाग आधी वाळून आखडतो. जोड देताना दोन्ही बाजूंना चरे पाडा, पातळ चिखल लावा, मग दाबा. पावसाळा इथे आपल्या बाजूने असतो, माती सावकाश वाळते. तरी रात्री प्लास्टिकची पिशवी गुंडाळाच.

तिसऱ्या बैठकीच्या आधी एका सकाळी लवकर पांडवलेणीला जाऊन या. लेणी चोवीस आहेत, सगळी एका दमात बघायची नाहीत. तीन नंबरच्या लेण्यात व्हरांड्याच्या खाली बघा, अख्खं लेणं खांद्यावर तोलून धरलेल्या आकृत्या आहेत. सपाट दगडातून किती थोडी खोली काढली आहे आणि वजन किती वाटतं, एवढंच टिपून घ्या. वहीत काढा, खोलीवर येऊन मातीच्या फळीवर आठवून करा. कागद ठेवून पेन्सिल किंवा कोळसा घासून ठसे घेऊ नका. दोन हजार वर्षांचा दगड आहे, आपल्या सबमिशनसाठी नाही.

प्लास्टर करायचं असेल तर पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही. मुठीने चाळल्यासारखं सोडत जा. पाण्यावर कोरडी बेटं दिसायला लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग हात खाली ठेवून हलक्याने ढवळा, बुडबुडे येऊ देऊ नका. ते घट्ट होताना गरम होतं, म्हणून हाताचा साचा घेताना हात थेट प्लास्टरमध्ये कधीच खुपसायचा नाही. उरलेलं प्लास्टर बादलीतच घट्ट होऊ द्या, फोडून कचऱ्यात टाका. मी पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत ते मोरीत ओतलं होतं. ते पाण्याखालीही मस्त घट्ट होतं, ही माहिती मला प्लंबरने दिली. डिपॉझिटमधून पैसे गेले ते गेलेच.

अक्षरं, ॲनिमेशन आणि एक रविवार येवल्याला

अक्षरांसाठी बोरू किंवा कट निब, म्हणजे टोक तिरकं छाटलेली निब. एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: रोमनसाठी आणि देवनागरीसाठी निबचा छाट एकमेकांच्या उलट असतो. रोमनची निब घेऊन "क" गिरवलात तर जाड तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड येतं, आणि तुम्ही हाताला दोष देत बसता. पहिल्या बैठकीत फक्त उभे दंड आणि शिरोरेखा. दुसरीत ग, म, भ, न. तिसरीत स्वतःचं नाव. सराफ बाजारातल्या जुन्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढून ठेवा, त्या कमी होत चालल्यात. पांडवलेणीतले ब्राह्मी लेखही बघा. तिथे शिरोरेखा नाही, तरी ओळ सरळ राहते. कशी, ते शोधा.

फोनवर ॲनिमेशन करून बघायला एक खिडकी आणि एक कुंडी पुरते. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके आधी मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं करत करत ते सिनेमाकडे आले. मोठ्या सिनेमाआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून छोटी फिल्म केली होती. तुम्हीही मटकी भिजवा. फोन हलणार नाही असा विटांमध्ये अडकवा आणि ठरावीक वेळाने फोटो घ्या. सेकंदाला बारा फोटो धरले तर पाच सेकंदांना साठ लागतात. खिडकीचा उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते, म्हणून दिवा लावून पडदा ओढा. बाकी ॲपचं सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

टू-डीबद्दल मी फार बोलत नाही, वर्गात भरपूर होतं. फक्त एक रविवार काढून एसटीने येवल्याला जा आणि पैठणीच्या मागावर पदर विणताना बघा. मोराची गोल मानसुद्धा उभ्या-आडव्या धाग्यांच्या पायऱ्यांनी कशी होते, ते बघून आलात की आलेख कागदावरचं डिझाइन कंटाळवाणं वाटणार नाही. विणकरांना विचारून मगच फोटो काढा. नक्षी त्यांची असते.

सहाव्या आठवड्यात

वहीत प्रत्येक बैठकीनंतर तीन ओळी लिहीत आला असाल तर आता उपयोग होईल: काय केलं, कुठे अडलं, आणि घड्याळ किती वेळा बघितलं. तिसरी ओळ गमतीची वाटते, पण माझ्या वहीत जलरंगाच्या पानांवर "चार वेळा", "सहा वेळा" आहे आणि लिनोच्या पानांवर "बघितलंच नाही, मेस बंद झाली".

सगळं काम जमिनीवर पसरा. चांगलं कुठलं ते शोधू नका, कारण सवय असलेलं कामच चांगलं दिसणार. ज्या कामाला तुम्ही कुणी न सांगता चौथ्यांदा बसलात, ते बाजूला काढा. दोन निघाली तर दोन्ही ठेवा. मग त्या विभागाच्या सीनियर्सकडे जा, पण "स्कोप आहे का?" हे विचारू नका, त्याचं उत्तर सगळे एकच देतात. "काल दिवसभर काय केलंस?" हे विचारा. शिल्पवाला सांगेल, पोती उचलली आणि आर्मेचरची (शिल्पाच्या आतल्या सांगाड्याची) तार वाकवली. अप्लाइडवाली सांगेल, एकाच लोगोचे चाळीस नमुने केले. ते ऐकताना तुमचं तोंड कसं होतं, तेवढं लक्षात ठेवा.

मग काम गुंडाळून ठेवा. छापांच्या मध्ये बटर पेपर घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. गुंडाळी खाटेखाली ठेवू नका, पावसाळ्यात फरशीची ओल कागदात चढते. कपाटावर ठेवा, वर कापड टाका. भाजायची मातीकामं एकेक करून मोकळ्या हवेत वाळवा. आणि त्या रात्री झोपायच्या आधी मोरीत पाणी नीट जातंय का, एकदा बघून घ्या.